तिसरा मजला, निळी खिडकी

रेझेक्ने गावात जानेवारीत चार वाजताच अंधारतं.
मी तिथल्या उष्णता विभागात कामाला.
हुद्दा : जनजागृती. टेबल : जिन्याखाली.
लोकांनी ऊब वाचवावी, एवढंच माझं काम,
आणि त्याआधी त्यांनी माझं पोस्टर वाचावं.

पहिल्या वर्षी आकडे छापले.
इतके टक्के, इतके युरो, इतका धूर.
लिफ्टमधल्या त्या कागदावर कुणीतरी
हरवलेल्या मांजराची चिठ्ठी डकवली.
मांजर सापडलं म्हणे.

दुसऱ्या वर्षी मफलर घातलेला पेंग्विन काढला.
'पेंग्विनला मफलर कशाला?' नॉर्मुन्ड्सनं विचारलं.
मला उत्तर सुचेना.
पोरांनी त्याला मिशा काढल्या,
आणि खिडक्या तशाच सताड उघड्या,
बाहेर उणे अठरा,
आत उकडतंय म्हणून
सगळं गाव बसलं होतं आभाळ तापवत.

तिसऱ्या वर्षी मी शेजाऱ्यांना कामाला लावलं.
प्रत्येक बिलाखाली फक्त एक ओळ :
'तुमच्या जिन्यातली बाकीची घरं तुमच्यापेक्षा कमी जाळतात.'
ना पृथ्वी, ना पेंग्विन.
आणि काय सांगू,
आकड्यांना जे जमलं नव्हतं
ते चारचौघांतल्या लाजेनं करून दाखवलं.
खिडक्या पटापट लागल्या.
साहेबांनी माझं टेबल जिन्याखालून वर आणलं.

मग ठरलं, सर्वांत काटकसरी घराला बक्षीस द्यायचं.
अंगणात उभं राहून आम्ही उष्णतेचा कॅमेरा रोखला :
पाच मजल्यांची काँक्रीटची भिंत,
पिवळ्या खिडक्या, नारिंगी खिडक्या,
फटीफटीतून गळणारा लाल,
आणि मधोमध एकच, गडद निळी.
निळं म्हणजे उत्तम,
असं माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं.

चौतीस नंबर. तेक्ला आजी.
आम्ही गेलो सात फुलं, दिव्यांचं खोकं आणि
वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन.
तिनं दार उघडलं ओव्हरकोटात,
डोक्याला दोन रुमाल.
बोलली तेव्हा श्वास दिसला,
घरात.

स्वयंपाकघरात माझा पेंग्विन होता,
बिनमिशांचा, काठ कापून नीट चिकटवलेला.
शेजारी पहिल्या वर्षीचे आकडे, पेन्सिलीनं अधोरेखित.
बिलांखालच्या ओळी कात्रीनं कापून
तिनं साखरेच्या डब्यात ठेवल्या होत्या.
तीन वर्षं मी ओरडत होते, कुणी वाचत नाही.
ही वाचत होती. एकटी. अक्षरन् अक्षर.
रेडिएटर तिनं पेन्शनीसाठी बंद केला की माझ्यासाठी,
हे मी विचारलं नाही.
'मी कमी जाळते ना गं?' तिनंच विचारलं,
शाळेत वही दाखवावी तशी.

फोटोग्राफर म्हणाला, आजी, कोट काढा,
फोटोत बरं दिसत नाही.
तिनं काढला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं.
मी फुलं सरळ धरली.

नंतर पुन्हा गेले, रविवारी, कॅमेऱ्याशिवाय.
खिडकीच्या फटीत रबराच्या पट्ट्या बसवल्या,
एक उलटी बसली, ती पुन्हा काढली.
नॉर्मुन्ड्सनं गंजलेला व्हॉल्व्ह पक्कडीनं तीनवर आणला.
ती सारखी म्हणत होती, पुरे, पुरे,
आता मी पहिली नाही येणार.

चौथ्या वर्षीच्या बिलासाठी मी ओळ दिली :
'अठरा अंशांच्या खाली जाऊ नका. परवडत नसेल तर मला फोन करा.'
साहेबांनी ती खोडली.
जाहिरातीत 'नका' चालत नाही, म्हणाले,
आणि फोन तर मुळीच नाही.

म्हणून रात्री मी ती हातानं लिहिते,
बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.
बाराशे चाळीस घरं आहेत.
काल दोनशे सहावं झालं,
आणि पेनातली शाई थंडीनं धरत नाहीये.